इन्सुलीचा नाका आणि युरोपचा संघ

मुंबई-गोवा महामार्गावर बांद्याच्या अलीकडे, इन्सुलीला, राज्य उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या डिक्या तिथे उघडल्या जातात आणि दारू सापडली की गुन्हा दाखल होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरची विक्रीकराची नाकी देशभर उठली. इन्सुलीचा नाका मात्र राहिला, कारण पिण्याची दारू जीएसटीत नाही. गोव्यात तिच्यावर कर कमी, इकडे जास्त. पेट्रोल-डिझेलही जीएसटीबाहेर आहे, म्हणून सावंतवाडी-दोडामार्गच्या गाड्या गोव्यात गेल्या की टाकी भरूनच परततात.

देश एकत्र कसे येतात हे समजून घ्यायचं असेल तर एवढी एक गोष्ट आधी पक्की धरावी. दोन्हीकडच्या करात फरक असेल तिथे नाका लागतो, आणि तो फरक मिटेपर्यंत नाका उठत नाही. फरक मिटवायचा तर तीन प्रश्नांची उत्तरं लागतात: दर कोण ठरवणार, जमा झालेला पैसा कोणाच्या तिजोरीत जाणार, आणि ज्याचं नुकसान होईल त्याला कोण भरून देणार. मैत्री, समान संस्कृती, जुने संबंध हे भाषणांत चांगलं वाटतं. संघ उभा राहतो की कोसळतो ते या तीन उत्तरांवर ठरतं.

याचा एक प्रयोग आपल्याच किनाऱ्यावर झालेला आहे, आणि तो शाळेत शिकवत नाहीत याची मला खंत आहे. २६ डिसेंबर १८७८ ला लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि १५ जानेवारी १८८० पासून तो अमलात आला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान, म्हणजे गोवा, दमण आणि दीव, यांच्यातली जकातीची नाकी त्याने उठवली आणि बाहेरून येणाऱ्या मालाला दोन्हीकडे एकच दर लागू केला. आजच्या भाषेत हा सरळसरळ सीमाशुल्क संघ, म्हणजे कस्टम्स युनियन. १८८१ पासून गोव्याचा चांदीचा रुपया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा झाला आणि तो कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागला. म्हणजे नाण्यापर्यंतही मजल गेली होती. मुरगावचं बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे हीसुद्धा याच कराराची फळं.

अडचण मिठाची होती. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. १८८२ मध्ये तो मणाला २ रुपये होता, १८८८ मध्ये अडीच रुपये झाला. गोव्याच्या आगरांतलं मीठ स्वस्त. नाकी उठवली तर ते मीठ बिनकराचं घाटावर आणि कारवारकडे जाणार आणि ब्रिटिशांचा कर बुडणार. म्हणून करारातच ठरलं की गोव्यातल्या मिठाचं उत्पादन आणि विक्री ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली राहील, आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळतील. पैसे सरकारला मिळाले. आगर बंद पडले ते आगरवाल्यांचे, आणि त्यांच्या हातात त्यातलं काय आलं हा प्रश्न कोणी विचारला नाही. ताडी-माडीवरचा अबकारी करही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर आणला गेला, तेव्हा माडावर चढणाऱ्यालाही झळ बसली.

त्यातच १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानने आपल्या धोरणापोटी बहुतेक आयातशुल्कं रद्द केली. दर दोन्हीकडे एकच ठेवायचा असल्यामुळे हा निर्णय गोव्याच्या तिजोरीपर्यंतही पोचला. मोठ्या भागीदाराने स्वतःच्या गरजेनुसार दर फिरवायचा आणि छोट्याने तो सोसायचा, अशी ही रचना होती. बारा वर्षांची मुदत १४ जानेवारी १८९२ ला संपली, कराराचं नूतनीकरण झालं नाही आणि नाकी परत आली. माझ्या मते चुकलं ते इथेच. भरपाई एका सरकारच्या खात्यात पडली, ज्याचा धंदा गेला त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही, आणि दरावर छोट्या बाजूचं वजन पडेल अशी व्यवस्था नव्हती.

आता देश एकत्र येण्याच्या पायऱ्या बघू. अर्थतज्ज्ञ बेला बालासा यांनी १९६१ मध्ये पाच पायऱ्या मांडल्या: मुक्त व्यापार क्षेत्र, सीमाशुल्क संघ, सामाईक बाजार, आर्थिक संघ आणि शेवटी संपूर्ण एकीकरण. शाळेच्या पुस्तकात त्या जिन्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात एक पायरी चढली की तिथली अडचण पुढच्या पायरीकडे ढकलते, किंवा मागे तरी लोटते.

पहिली पायरी मुक्त व्यापार क्षेत्राची. यात सदस्य देश एकमेकांच्या मालावरचं शुल्क काढतात, पण बाहेरच्या देशांसाठी प्रत्येकाचा दर आपापला राहतो. इथे लगेच पळवाट तयार होते. ज्या सदस्याचा दर सर्वांत कमी, त्याच्या बंदरात परदेशी माल उतरवायचा आणि तिथून बिनशुल्क शेजारी न्यायचा. ही वाट बंद करायला माल खरोखर कुठे तयार झाला हे ठरवणारे नियम लागतात आणि प्रत्येक खेपेबरोबर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं.

हे किती किचकट होतं ते वेंगुर्ला-मालवणच्या काजू कारखानदाराला चटकन कळेल. आपल्याकडची काजू बी पुरत नाही म्हणून बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानियातून बी येते. ती इथे भाजून किंवा वाफवून, फोडून, सोलून, प्रतवारी करून काजूगर तयार होतो. मग तो गर भारतीय की आफ्रिकन? कस्टम्सच्या जागतिक वर्गीकरणात सालीसकट काजूचा क्रमांक ०८०१.३१ आणि सोललेल्याचा ०८०१.३२. पहिले चार आकडे तेच, फरक सहाव्या आकड्यात. करारात ‘चार आकड्यांचा क्रमांक बदलला पाहिजे’ असा नियम असेल तर एवढं सगळं करूनही गर परदेशीच ठरतो. ‘सहा आकड्यांचा बदल पुरे’ असं असेल तर तोच गर भारतीय. दक्षिण आशियातल्या साफ्टा या मुक्त व्यापार कराराचा सर्वसाधारण नियम चार आकड्यांचा आहे, आणि त्यावर भारतासारख्या देशाला किमान ४० टक्के स्थानिक मूल्यवर्धन दाखवावं लागतं. श्रीलंकेला ३५, अतिअविकसित देशांना ३० टक्के.

मूल्यवर्धनाचा हिशोबही करून बघा. एक किलो गराला साधारण चार किलो बी लागते. समजा बी १३० रुपये किलोने पडली, म्हणजे ५२० रुपयांचा कच्चा माल, आणि गर ६५० ला विकला. मूल्यवर्धन झालं १३० रुपये, म्हणजे २० टक्के. चाळीसच्या जवळपासही नाही. दर कमीजास्त करून पाहा, आयात बीवर चाळीस टक्के गाठणं फार अवघड आहे. त्यामुळे ‘अमुक देशाशी मुक्त व्यापार करार झाला’ अशी बातमी आली की मथळ्यातला शुल्काचा आकडा बाजूला ठेवून आधी परिशिष्टातले मूळ देशाचे नियम आणि संवेदनशील, म्हणजे सवलतीतून वगळलेल्या, मालाची यादी वाचावी. ज्या वस्तू खरोखर विकल्या जाऊ शकतात त्या बहुधा त्या यादीत सापडतात.

ही कटकट मिटवायचा एकच मार्ग उरतो: बाहेरच्या देशांसाठी सगळ्यांचा दर एक करायचा. हाच सीमाशुल्क संघ. मग माल कुठेही उतरो, एकदा शुल्क भरलं की तो सगळीकडे मोकळा. मूळ देशाचे दाखले सदस्यांपुरते गळून पडतात. पण आता पैशाचा प्रश्न येतो. जर्मनीला जाणारा कंटेनर नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला उतरला तर शुल्क कोणाचं?

याची उत्तरं वेगवेगळी दिली गेली. १८३४ च्या त्सोलफेराइनने, म्हणजे जर्मन राज्यांच्या सीमाशुल्क संघाने, जमा झालेली रक्कम सदस्य राज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली. छोट्या राज्यांना स्वतःच्या नाक्यांपेक्षा त्यात जास्त मिळू लागलं आणि ती संघाला चिकटून राहिली. युरोपीय संघाने प्रश्नच उलटा फिरवला: ते शुल्क कोणाही एका देशाचं नाही, संघाचं आहे. शुल्क गोळा करणारा देश वसुलीखर्च म्हणून सध्या २५ टक्के ठेवतो आणि ७५ टक्के संघाच्या अंदाजपत्रकात जातात. दक्षिण आफ्रिकेच्या भोवतीचा १९१० चा सीमाशुल्क संघ अजून चालू आहे, त्याचं मोठं कारण म्हणजे वाटपाचं सूत्र लेसोथो, एस्वातिनी यांसारख्या छोट्या देशांच्या बाजूने झुकतं. त्यांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग तिथूनच येतो.

आखाती देशांचं उदाहरण कोकणात जास्त जवळचं. खेड, दापोली, मंडणगड, राजापूर इथल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी कुवेत, दुबई किंवा मस्कतला असतं, आणि हापूसची मोठी निर्यातही तिकडेच होते. सौदी अरेबिया, अमिरात, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान या सहा देशांची सहकार्य परिषद १९८१ मध्ये झाली. १ जानेवारी २००३ पासून त्यांनी बाहेरच्या मालावर ५ टक्के हा सामाईक दर आणला आणि पहिल्या बंदरात एकदाच शुल्क घ्यायचं ठरवलं. शुल्काच्या वाटपाचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला. व्हॅटचंही तसंच झालं. सगळ्यांनी मिळून ५ टक्के ठरवला. सौदी आणि अमिरातीने तो २०१८ मध्ये आणला, बहरीनने २०१९ मध्ये, ओमानने २०२१ मध्ये, आणि कुवेत-कतारने आणलाच नाही. सौदीने २०२० मध्ये तो एकदम १५ टक्क्यांवर नेला, बहरीनने २०२२ मध्ये १० टक्क्यांवर. दर वेगळे झाले की नाका का राहतो हे वर आलंच आहे. सामाईक चलनाचा बेतही होता. ओमानने २००६ मध्ये अंग काढून घेतलं, आणि मध्यवर्ती बँक रियाधला होणार म्हटल्यावर २००९ मध्ये अमिरातही बाहेर पडली. धर्म, भाषा, तेलाची अर्थव्यवस्था, सगळं सारखं असूनही संस्थेचं कार्यालय कोणाच्या दारी यावर गाडी अडली. पुढे २०१७ मध्ये तर सौदी, अमिरात आणि बहरीनने आपल्याच सदस्य कतारची वाट बंद केली, ती २०२१ च्या जानेवारीत उघडली.

युरोपात सहा देशांचा सीमाशुल्क संघ १ जुलै १९६८ ला पूर्ण झाला, ठरल्यापेक्षा दीड वर्ष आधी. आणि तरीही सीमेवर ट्रक थांबतच राहिले. शुल्क गेलं तेव्हा त्याच्या मागे उभे असलेले दुसरे अडसर दिसू लागले: प्रत्येक देशाचे आरोग्याचे नियम, मापं, लेबलं, करांचे दर.

जर्मनीत फळांच्या लिकरला, म्हणजे गोड दारूला, किमान २५ टक्के अल्कोहोल लागे. फ्रान्सच्या कासिस या लिकरमध्ये ते १५ ते २० टक्के, म्हणून जर्मनीने ते विकू दिलं नाही. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की एका सदस्य देशात कायदेशीररीत्या बनलेली आणि विकली जाणारी वस्तू दुसऱ्याने सबळ कारणाशिवाय अडवू नये. या एका निकालाने फार मोठं काम हलकं झालं. प्रत्येक वस्तूचा एकच युरोपीय नियम लिहीत बसण्यापेक्षा एकमेकांचे नियम मान्य करायचे, आणि आरोग्य, सुरक्षितता अशा गोष्टींपुरतेच सामाईक नियम करायचे. १९८५ मध्ये सुमारे ३०० अडथळ्यांची यादी तयार झाली, १९९२ अखेरची मुदत ठरली आणि १ जानेवारी १९९३ ला एकच बाजारपेठ अस्तित्वात आली.

सामाईक नियमाची ताकद कोकणाने २०१४ मध्ये अनुभवली. २०१३ मध्ये भारतातून युरोपला गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये कीड सापडली, त्यात फळमाशीचा मुख्य त्रास होता. १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ या पाच गोष्टींवर संघाने बंदी घातली, ऐन हापूसच्या हंगामात. तिकडचा आपला सर्वांत मोठा ग्राहक ब्रिटन, आणि तो तेव्हा संघातच होता. तिथल्या भारतीय वस्तीतले व्यापारी आणि खासदार ओरडले, पण ब्रिटनला एकट्याला बंदी उठवता येत नव्हती. कारण साधं आहे. लंडनच्या हीथ्रोला उतरलेली पेटी तेव्हा पुढे कुठल्याही तपासणीशिवाय स्पेनपर्यंत जाऊ शकत होती. आतली नाकी काढली की संघाची सगळ्यात ढिली वेस हीच सगळ्यांची वेस होते, म्हणून वनस्पती आरोग्याचा निर्णय सामाईकच असावा लागतो.

आंब्यावरची बंदी उठली २०१५ च्या सुरुवातीला, तीही उपायाची हमी दिल्यावर. मान्यताप्राप्त केंद्रात आंबा ४८ अंश सेल्सियसच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवायचा, मग थंड करायचा, आणि माशी शिरणार नाही अशा जाळीबंद पॅकहाऊसमध्येच भरायचा. इथे नेमकं काय बिघडतं? पाण्याचं तापमान टाकीत सगळीकडे सारखं राहत नाही. ते खाली गेलं तर अळी जिवंत राहते, वर गेलं तर साल भाजते आणि फळ पुढे नीट पिकत नाही. कोवळा उतरवलेला आंबा ही प्रक्रिया सोसत नाही. म्हणून तोडणी पक्वतेवर आणि देठ ठेवून, लहान-मोठी फळं वेगळी करून, आणि टाकी क्षमतेपेक्षा जास्त न भरता, एवढं पाळावंच लागतं. प्रक्रियेनंतर उघड्या टेम्पोतून पेट्या हलवल्या तर सगळी मेहनत वाया जाते, कारण माशी पुन्हा बसू शकते.

म्हाकुळाची, म्हणजे स्क्विडची, गोष्टही अशीच. युरोपात म्हाकूळ आणि माकळीच्या मांसात कॅडमियम या विषारी धातूची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे. कॅडमियम साठतं ते आतल्या पाचक ग्रंथीत. बोटीवर बर्फ कमी पडला, साफ करायला उशीर झाला, की ती ग्रंथी फुटून रस मांसात उतरतो आणि चांगला माल मर्यादेबाहेर जातो. एका बंदरात खेप नापास झाली की संघाच्या इशारा यंत्रणेतून सगळ्या सदस्य देशांना ते कळतं. स्पेनच्या व्हिगोला अडलेला माल इटलीच्या नेपल्सला खपवू, हा विचार तिथे चालत नाही. रत्नागिरी-हर्णैच्या बोटवाल्यांना हे माहीत असायला हवं, कारण दर पडतो तेव्हा त्याचं कारण दूरच्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत असतं आणि उपाय मात्र बोटीवरच्या बर्फात असतो.

आता कराकडे. १९९३ मध्ये युरोपातली आतली नाकी गेली, पण व्हॅटचे दर वेगळेच राहिले. किमान प्रमाण दर १५ टक्के एवढंच बंधन. लक्झेंबर्ग १७ वर, हंगेरी २७ वर. मग नाक्याचं काम कोण करतं? विक्रेता माल शून्य कराने शेजारच्या देशातल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला पाठवतो, त्याचा व्हॅट नंबर संगणकावर तपासतो आणि घेणारा आपल्या देशात कर भरतो. ही सोय तात्पुरती म्हणून आणली होती, १९९६ अखेरपर्यंत. ती अजून चालू आहे. तिच्यातलं भोक मोठं आहे: घेणारा माल विकून ग्राहकाकडून व्हॅट घेतो आणि तो न भरता गायब होतो. तोच माल पुन्हा सीमेपलीकडे पाठवून परतावा घेत फेऱ्या मारल्या जातात. आपल्याकडच्या बनावट बिलांवर इनपुट क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट) उचलण्याच्या प्रकरणांची ही सख्खी भावंडं. त्यासाठीच आपण ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल ठेवलं. दारू-सिगारेटचं तर युरोपातही इन्सुलीसारखंच आहे. स्वतःसाठी शेजारच्या देशातून आणा, पण १० लिटर कडक दारू, ९० लिटर वाइन, ११० लिटर बिअर किंवा ८०० सिगारेटींवर गेलात की हे व्यापारासाठी आहे का म्हणून विचारणा होऊ शकते.

तिसरा प्रश्न, ज्याचं नुकसान होतं त्याचा. जीएसटीत कर माल जिथे खपतो त्या राज्याला जातो, म्हणून उत्पादक राज्यं बिचकत होती. त्यांना २०१५-१६ चं उत्पन्न आधार धरून वर्षाला १४ टक्के वाढीची हमी पाच वर्षं दिली, जून २०२२ पर्यंत. त्या हमीशिवाय जीएसटी आला नसता. पूर्व आफ्रिकेने हाच धडा कडू अनुभवातून घेतला. केनिया, युगांडा आणि टांझानियाचा १९६७ चा समुदाय १९७७ मध्ये मोडला. कारखाने केनियात वाढले, बाकीच्या दोघांना आपण फक्त गिऱ्हाईक झालो असं वाटलं, त्यात युगांडाचे ईदी अमीन आणि टांझानियाचे न्येरेरे यांचं वैर. रेल्वे, विमान कंपनी, बंदरं या सामाईक मालमत्तेची वाटणी १९८४ पर्यंत चालली. २००० मध्ये समुदाय पुन्हा उभा राहिला आणि २००५ मध्ये सीमाशुल्क संघ झाला, तेव्हा केनियाच्या मालावर शेजाऱ्यांनी पाच वर्षं उतरतं शुल्क ठेवायचं आणि त्यांचा माल केनियात लगेच मोकळा, अशी सवलत लिहून घेतली.

राजकारण या सगळ्याच्या नंतर येतं असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. युरोपात ते पहिल्या दिवसापासून होतं. ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक अधिकार मंडळाखाली द्यायचं सुचवलं, कारण युद्धसाहित्य त्यातूनच बनत होतं. १९५१ मध्ये सहा देशांनी सही केली. उत्साहात सामाईक सैन्याचाही करार झाला, पण ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने तो फेटाळला. तिथून शहाणपण आलं आणि १९५७ च्या रोम करारात बाजारपेठेपासून सुरुवात झाली.

मतदानाचा तिढा सर्वांत कठीण. रोम करारानुसार १९६६ पासून बऱ्याच विषयांत बहुमताने निर्णय व्हायचे होते. १९६५ च्या मध्यावर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सचे मंत्री बैठकांतून काढून घेतले. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला तोडगा निघाला: एखाद्या देशाला विषय जिव्हाळ्याचा वाटला तर एकमत होईपर्यंत चर्चा करायची. परिणाम असा की पुढची वीस वर्षं कामं तुंबली. १९८७ मध्ये बाजारपेठेच्या विषयांत बहुमत आलं तेव्हाच १९९२ ची मुदत गाठता आली. आज संघात ५५ टक्के देश आणि त्यांच्यात ६५ टक्के लोकसंख्या असं दुहेरी बहुमत लागतं. करांना मात्र अजून एकमतच. आपल्या जीएसटी परिषदेत केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राशिवाय चालत नाही आणि एकट्या केंद्रालाही चालवता येत नाही. १८८० च्या गोव्याला अशी खुर्ची मिळाली असती तर मिठाचा हिशोब वेगळा लागला असता, असं मला ठाम वाटतं.

न्यायालयाचंही तेवढंच महत्त्व. १९६० मध्ये फान गेंड एन लोस या डच वाहतूक कंपनीने जर्मनीतून युरिया-फॉर्मल्डिहाइड हे रसायन आणलं. त्यावर ३ ऐवजी ८ टक्के शुल्क लागलं म्हणून ती स्वतःच्याच सरकारविरुद्ध गेली आणि जिंकली. करारातला हक्क नागरिकाला थेट न्यायालयात मागता येतो हे १९६३ मध्ये तिथे ठरलं. दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेत असं काहीच नाही. निर्णय एकमताने, दोन देशांतला वाद चर्चेला घ्यायचा नाही, आणि २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झालेली नाही.

चलनाबद्दल थोडक्यात. मास्ट्रिख्ट कराराने (१९९२) सामाईक चलनासाठी अटी घातल्या: तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांत, कर्ज ६० टक्क्यांत, महागाई सर्वांत कमी असलेल्या तीन देशांपेक्षा दीड टक्क्याहून जास्त नाही. १९९९ मध्ये ११ देशांनी युरो घेतला, नोटा २००२ मध्ये आल्या. पण सामाईक तिजोरी नव्हती. ग्रीस अडकला तेव्हा चलनाचं अवमूल्यन करून निर्यात वाढवायची वाट बंद होती आणि मदतीचा कायमचा निधी २०१२ मध्ये उभा राहिला, आग लागल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी.

समुद्राचं वाटप हा आपल्यासाठी सर्वांत उपयोगी धडा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा अधिकार राज्याचा. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गच्या हद्दीत शिरतात आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या पारंपरिक मच्छीमारांशी दरवर्षी संघर्ष होतो. गस्तीनौका, दंड, जप्ती, पुन्हा तेच. युरोपात हे भांडण कमी कडवं नव्हतं. १९८३ मध्ये त्यांनी प्रत्येक साठ्याचा देशागणिक टक्का आधीच्या मासेमारीवरून ठरवून टाकला. दर डिसेंबरला मंत्री बसून एकूण किती टन काढायचे तेवढं ठरवतात, टक्के तेच राहतात. शास्त्रज्ञांनी सुचवल्यापेक्षा आकडा अनेकदा फुगवला जातो, हा त्यातला मोठा दोष आहे. तरी महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी बांगडा, सुरमई, म्हाकूळ यांच्यासाठी असं एक टेबल मांडायला हवं, आणि त्यावर पारंपरिक मच्छीमारांच्या संस्थांना जागा हवी. एका देशातल्या तीन राज्यांना हे जमू नये असं काही कारण मला दिसत नाही.

बाहेर पडणं कसं असतं ते ब्रिटनने दाखवलं. ३१ जानेवारी २०२० ला सदस्यत्व संपलं, १ जानेवारी २०२१ पासून बाजारपेठही सुटली. स्कॉटलंडच्या मासळीच्या प्रत्येक खेपेला आरोग्य दाखला लागू लागला. ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ नसलेल्या, पाण्यातले शिंपले आणि कालवं आधी जिवंतच फ्रान्स-नेदरलँड्सला जात आणि तिथल्या टाक्यांत शुद्ध होत. संघाबाहेरच्या देशाला ती मुभा नाही, माल शुद्ध होऊनच आला पाहिजे. वेल्समधल्या शिंपलेवाल्यांकडे तेवढ्या टाक्या नव्हत्या आणि त्यांची निर्यात थांबली. १९ मे २०२५ ला ब्रिटन आणि संघ यांनी अन्न व वनस्पती आरोग्याचा नवा करार करायचं ठरवलं. त्यात ब्रिटनने संघाचे नियम, ते बदलतील तसे, पाळायचे आहेत आणि त्या नियमांचा अर्थ लावताना शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा राहील. ते नियम ठरतात त्या परिषदेत ब्रिटनला आता मत नाही.